क्यूबसीटीएल व्ह्यू-अलोकेशन्स टाकलंय, यादीत दिसतंय, पण चालवलं की 'अननोन कमांड'

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. कमांड देवनागरीत लिहितेय कारण इथे सगळे तसंच लिहितात, टर्मिनलात अर्थातच रोमनमध्येच मारायच्या.

तर झालंय असं की आमच्याकडे क्युबरनेटीसचं (ॲप्स अनेक मशिनींवर वाटून चालवणारी प्रणाली) क्लस्टर बघणारे जे दादा होते ते गेल्या महिन्यात सोडून गेले आणि मी मूळची जावावाली, पण 'तुला डॉकर येतं ना, मग बघ' असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. छोटंच आहे, गूगल क्लाउडवर ३ नोड (म्हणजे मशिनी), प्रत्येकी ४ कोर आणि १६ जीबी. आज एक नवीन सर्व्हिस चढवायची होती, १ कोर मागणारी, तर तिचा पॉड (सर्व्हिसची चालणारी प्रत) दोन तास झाले पेंडिंगच. डिस्क्राइब केलं तर खाली इव्हेंटमध्ये '०/३ नोड्स आर अव्हेलेबल: ३ इन्सफिशियंट सीपीयू'. आणि 'क्यूबसीटीएल टॉप नोड्स' (क्यूबसीटीएल म्हणजे क्लस्टरशी बोलायची कमांड) मारलं तर तिन्ही नोड १५, २० आणि १८ टक्क्यांवर निवांत पडलेत. एवढा सीपीयू रिकामा असून वर म्हणतंय सीपीयू नाही!

शोधता शोधता व्ह्यू-अलोकेशन्स नावाचं एक टूल सापडलं, कुठल्या नोडवर कोणी किती अडवून ठेवलंय ते झाडासारखं काढून दाखवतं म्हणे. गिटहबवरची कर्ल-पाइप-बॅशवाली ओळ मारली, बायनरी उतरली, ती उचलून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवली. 'क्यूबसीटीएल प्लगिन लिस्ट' केलं तर यादीत छान दिसते. पण 'क्यूबसीटीएल व्ह्यू-अलोकेशन्स' मारलं की एरर: अननोन कमांड "व्ह्यू-अलोकेशन्स" फॉर "क्यूबसीटीएल". यादीत दिसतंय आणि ओळख नाही म्हणतंय, हा काय प्रकार? विंडोजवर डब्ल्यूएसएलमधलं उबुंटू आहे.

चहाबाज | सोमवार, रात्री ९:२०

पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात ती यादी) बघा. ९० टक्के वेळा पाथच असतो.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ९:२४

पाथमध्ये आहे हो, नाहीतर प्लगिन लिस्टमध्ये आलं कसं असतं? ती यादी पाथमधूनच गोळा करतात ना?

चहाबाज | सोमवार, रात्री ९:२७

हां तेही खरंय. मग चमॉड +एक्स केलंय का? एक्झिक्युटेबल नसेल तर बोंब मारतं.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ९:३१

केलंय. आणि नसतं केलं तर प्लगिन लिस्टनेच खाली वॉर्निंग दिली असती असं वाचलं, ती पण नाहीये. टर्मिनल बंद करून उघडलं, लॅपटॉपसुद्धा रिस्टार्ट केला, आता फक्त अंगारा लावायचा राहिलाय.

पोस्टमन_काका | सोमवार, रात्री ९:४०

कार्गोने टाका. हे टूल रस्ट भाषेत लिहिलंय आणि कार्गो हा तिचा इन्स्टॉलर, 'कार्गो इन्स्टॉल क्यूबसीटीएल-व्ह्यू-अलोकेशन्स' आणि विषय संपला. कुणाच्या तरी स्क्रिप्टला डोळे झाकून बॅशमध्ये सोडायचं हे मला मुळातच पटत नाही, आधी फाइलमध्ये उतरवा, वाचा, मग चालवा.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री १०:१५

काका, तुमचं ऐकलं. आधी रस्टअप टाकलं, मग कार्गो इन्स्टॉल मारलं तर 'लिंकर सीसी नॉट फाउंड', मग शोधलं तर कळलं की जीसीसीच नाहीये, बिल्ड-इसेन्शियल टाकलं, मग पुन्हा मारलं, पंख्याने हेलिकॉप्टरसारखा आवाज करत किती तरी क्रेट कंपाइल केले, जेवण होऊन आले तरी चालूच होतं. शेवटी झालं. ~/.कार्गो/बिन मध्ये बायनरी आली. मारलं.

अननोन कमांड.

तीच एरर. अक्षर न अक्षर तीच.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:०२

आत्ता लॉगिन केलं. ताई, थांबा, काहीही परत इन्स्टॉल करू नका, तुमचं टूल दोन्ही वेळा नीटच बसलंय. भांडण एका रेघेचं आहे.

क्यूबसीटीएलची प्लगिनची पद्धत अगदी साधी आहे. पाथमध्ये 'क्यूबसीटीएल-' ने सुरू होणारी कुठलीही एक्झिक्युटेबल फाइल म्हणजे प्लगिन. आता फाइलच्या नावातल्या आडव्या रेघा म्हणजे त्याच्या लेखी दोन शब्दांमधली स्पेस. म्हणजे तुमच्या 'क्यूबसीटीएल-व्ह्यू-अलोकेशन्स' या फाइलला तो समजतो 'क्यूबसीटीएल व्ह्यू अलोकेशन्स', तीन सुटे शब्द. आणि तुम्ही कमांडमध्ये जेव्हा 'व्ह्यू-अलोकेशन्स' असं रेघ देऊन लिहिता तेव्हा तो त्या रेघेची अंडरस्कोर करून 'क्यूबसीटीएल-व्ह्यू_अलोकेशन्स' या नावाची फाइल हुडकत बसतो. ती तुमच्याकडे नाही. म्हणून अननोन.

तर आता तीनपैकी काहीही करा. मधली रेघ काढून स्पेस द्या, 'क्यूबसीटीएल व्ह्यू अलोकेशन्स', चालेल. किंवा बायनरीचं पूर्ण नाव थेट टाका, 'क्यूबसीटीएल-व्ह्यू-अलोकेशन्स', तेही चालेल. किंवा अंडरस्कोरवाल्या नावाची सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव) करा:

एलएन -एस /यूएसआर/लोकल/बिन/क्यूबसीटीएल-व्ह्यू-अलोकेशन्स /यूएसआर/लोकल/बिन/क्यूबसीटीएल-व्ह्यू_अलोकेशन्स

क्रूने (क्यूबसीटीएलच्या प्लगिनांचा इन्स्टॉलर) टाकलं असतंत तर हे नाटक झालंच नसतं, कारण क्रू स्वतःच अंडरस्कोरवाली लिंक करून ठेवतो. आणि बहुतेक ब्लॉगवाले क्रूने टाकून कमांड लिहितात, म्हणून कर्ल आणि कार्गोवाले सगळे इथे येऊन आपटतात. मी पण आपटलोय, २ तास गेले होते, फक्त तेव्हा विचारायला कोणी नव्हतं.

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ११:०८

चाललंssss!! स्पेस दिली आणि चाललं!! एका रेघेपायी मी अख्खं रस्ट कंपाइल केलं.

पोस्टमन_काका | सोमवार, रात्री ११:१०

रस्ट वाया जात नाही. कधीतरी लागेल.

चहाबाज | सोमवार, रात्री ११:१३

मी पहिल्या पोस्टमध्ये नाव आणि पाथ बघा म्हटलं होतं हे नोंदवून ठेवा.

पोस्टमन_काका | सोमवार, रात्री ११:१४

'नाव' कुठे होतं त्यात? फक्त पाथ होता. वर आहे बघा.

सांगलीची_हळद | सोमवार, रात्री ११:३०

धाग्यात घुसखोरी करतेय, माफ करा, पण माझा प्रॉब्लेम याच्याच चुलत घरातला आहे. घरच्या जुन्या पीसीवर के३एस (हलकं क्युबरनेटीस) टाकलंय शिकायला. क्रूने टाकलं होतं, चालत होतं, पण के३एसची कॉन्फिग फाइल रूटची (ॲडमिनची) असते म्हणून मी सगळं सुडोने, म्हणजे रूट बनून, चालवते. 'सुडो क्यूबसीटीएल गेट पॉड्स' चालतं, 'सुडो क्यूबसीटीएल व्ह्यू-अलोकेशन्स' म्हटलं की अननोन कमांड.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४१

हा मात्र चहाबाज म्हणतात तो पाथचाच मामला, त्यांना द्या एक चहा.

सुडो लावलं की तुमचा पाथ जातो आणि सुडोर्स फाइलमधला ठरावीक पाथ लागू होतो, आणि होमसुद्धा बहुधा रूटचं होतं. क्रूची प्लगिनं तर तुमच्या स्वतःच्या ~/.क्रू/बिन मध्ये. रूटला ती दिसणार कशी. सुडोची सवय सोडा. /ईटीसी/रँचर/के३एस/के३एस.यामल ही फाइल स्वतःच्या ~/.क्यूब/कॉन्फिग मध्ये कॉपी करा, मालकी स्वतःच्या नावाने करा, परवानगी ६०० ठेवा, क्यूबकॉन्फिग हा व्हेरिएबल त्या फाइलकडे वळवा. मग सुडोशिवाय सगळं चालेल. ती फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ६४४ करू नका, इंटरनेटवर सर्रास तेच सांगतात, तिच्यात क्लस्टरच्या अख्ख्या किल्ल्या असतात.

कोरी_पाटी | मंगळवार, सकाळी १०:०५

बरं आता आउटपुट आलंय पण मी अजून गोंधळलेय. नोडवार बेरीज सांगते, पॉडची नावं गाळून, आकडे कोरमध्ये (रिक्वेस्ट म्हणजे पॉडने राखून मागितलेलं, लिमिट म्हणजे जास्तीत जास्त वापरता येणारं):

सीपीयू एकूण: रिक्वेस्टेड ९.८ (८३%), लिमिट २१ (१७९%), अलोकेटेबल ११.७६, फ्रीच्या रकान्यात काहीच उरलेलं नाही
नोड १: रिक्वेस्टेड ३.४, अलोकेटेबल ३.९२
नोड २: रिक्वेस्टेड ३.१, अलोकेटेबल ३.९२
नोड ३: रिक्वेस्टेड ३.३, अलोकेटेबल ३.९२

प्रश्न १, ४ कोरचा नोड आणि अलोकेटेबल ३.९२ का, ८० मिली (कोरचा हजारावा भाग म्हणजे मिली) कोणी खाल्ले? प्रश्न २, ९.८ मागितलेत, ११.७६ आहेत, म्हणजे जवळपास २ कोर शिल्लक पाहिजेत, मग फ्री रिकामं का? प्रश्न ३, २ कोर शिल्लक असतील तर माझा १ कोरवाला पॉड का बसत नाही?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:५०

रात्रपाळी संपवून झोपायच्या आधी लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

पहिलं. नोडची कपॅसिटी वेगळी आणि अलोकेटेबल वेगळं. नोडवर क्युबलेट (पॉड चालवणारा प्रोग्राम) असतो, ऑपरेटिंग सिस्टीम असते, त्यांच्यासाठी थोडं आधीच बाजूला काढतात, उरलेलं ते अलोकेटेबल. गूगलच्या जीकेईचा (त्यांच्या तयार क्युबरनेटीसचा) हिशेब ठरलेला आहे, पहिल्या कोरचे ६ टक्के, दुसऱ्याचा १ टक्का, पुढच्या दोन कोरचे अर्धा-अर्धा टक्का. म्हणजे ६० + १० + १० = ८० मिली. ४००० वजा ८० म्हणजे ३९२०. हेच तुमचे ३.९२. मेमरीत तर जास्त जातं, पहिल्या ४ जीबीचे २५ टक्के, पुढच्या ४ चे २०, त्यापुढच्या ८ चे १०, म्हणजे १६ जीबीच्या नोडवर २.६ जीबी आधीच गेली, शिवाय १०० एमबी एव्हिक्शनसाठी (मेमरी संपत आली की पॉड हाकलायला). म्हणून '१६ जीबीचे ३ नोड, म्हणजे ४८ जीबी आहे आपल्याकडे' असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर मनात ४० धरा.

दुसरं. हे महत्त्वाचं आहे आणि या टूलमध्ये इथेच माणूस फसतो. फ्री म्हणजे अलोकेटेबल वजा रिक्वेस्ट असं तुम्ही धरलंत. हे टूल तसं करत नाही, ते रिक्वेस्ट आणि लिमिट यात जे मोठं असेल ते वजा करतं. तुमची लिमिट २१ कोर, अलोकेटेबल पावणेबारा, मग उरणार काय? पण पॉड कुठे बसवायचा हे ठरवणारा शेड्युलर लिमिटकडे बघतच नाही, तो फक्त रिक्वेस्ट बघतो. म्हणून शेड्युलरच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर '--यूज्ड-मोड ओन्ली-रिक्वेस्ट' हा फ्लॅग द्यायचा. मी याचं एलियास करून ठेवलंय.

तिसऱ्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. वजाबाकी करा. पहिल्या नोडवर ०.५२, दुसऱ्यावर ०.८२, तिसऱ्यावर ०.६२ शिल्लक. बेरीज १.९६, पण १ कोर एका जागी कुठेही नाही. पॉड तीन नोडवर तुकडे करून बसवता येत नाही.

आणि टॉपमध्ये १८ टक्के का दिसतं? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, रिक्वेस्ट म्हणजे तो रुमाल. कंडक्टर रुमाल मोजतो, माणसं नाही. गाडीत चार डोकी असतील, पण सगळ्या सीटवर रुमाल, तुम्ही उभ्या.

चहाबाज | मंगळवार, सकाळी ११:०२

आणि ज्याचा रुमाल तो उतरलाय कराडलाच.

बे_एरियातला_बंड्या | मंगळवार, सकाळी ११:४५

इथे रात्र झालीय, झोपण्यापूर्वी धागा दिसला. रात्रपाळींनी मस्त समजावलंय. एक भर घालतो, '-यू' फ्लॅग दिलात तर खऱ्या वापराचा म्हणजे युटिलायझेशनचा रकाना पण येतो, फक्त सीपीयू आणि मेमरीचा. त्याला क्लस्टरमध्ये मेट्रिक्स-सर्व्हर (खरा वापर मोजणारा) चालू पाहिजे. टॉप चालतंय म्हणजे तुमच्याकडे तो आहे. मग '-आर सीपीयू -यू' मारा आणि रुमाल आणि माणूस शेजारी शेजारी बघा. ज्या ओळीत रिक्वेस्ट मोठी आणि वापर नगण्य, तो तुमचा चोर.

मी स्वतः क्यूब-कपॅसिटी वापरतो, क्रूत त्याचं नाव रिसोर्स-कपॅसिटी आहे, 'क्यूबसीटीएल रिसोर्स-कपॅसिटी --पॉड्स --युटिल'. ते गो मध्ये लिहिलंय. नोडवार सपाट तक्ता हवा असेल तर ते डोळ्याला बरं वाटतं. पण नेमस्पेसवार (नेमस्पेस म्हणजे क्लस्टरमधला कप्पा), नोडवार, हवं तसं गट पाडायला व्ह्यू-अलोकेशन्सच भारी, '-जी नेमस्पेस' दिलं की झालं. जीपीयू वगैरेही दाखवतं.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:५२

बंड्या, सहमत. आणि काहीच इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर 'क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड' च्या तळाशी अलोकेटेड रिसोर्सेस म्हणून भाग असतो, आकडे तेच, फक्त नोड ३० असतील तर स्क्रोल करून बोट दुखतं. आता झोपतो.

कोरी_पाटी | मंगळवार, दुपारी १२:३०

सापडला चोर!! '-यू' देऊन बघितलं. एक रिपोर्ट बनवणारी सर्व्हिस आहे, ४ रेप्लिका (प्रती), प्रत्येकी १ कोर रिक्वेस्ट. म्हणजे ९.८ पैकी ४ कोर हिचेच. आणि प्रत्यक्ष वापर प्रत्येकी ४० मिली!! रोज सकाळी तासभर रिपोर्ट बनतात तेव्हासुद्धा १५० च्या वर जात नाही, मागच्या महिन्याचे ग्राफ बघितले. यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) कोणी कॉपी-पेस्ट केलंय ते गिट ब्लेममध्ये दिसतंय पण ते इथे नको.

किती करू? २०० मिली बरोबर का? आणि लिमिट पण कमी करू का, ती २ कोर आहे.

पोस्टमन_काका | मंगळवार, दुपारी १२:४१

रिक्वेस्ट २०० ठीक. लिमिटला हात लावू नका, निदान आत्ता. तुम्ही जावावाल्या ना, मग तुम्हाला माहितीच असेल, जेव्हीएम सुरू होताना सीपीयू ओढतो, क्लास लोड होतात, जेआयटी चालतो. लिमिट कमी केली तर कर्नल दर १०० मिलिसेकंदांच्या घासात तुमचा वाटा मोजून देतो, ५०० मिली लिमिट म्हणजे १०० पैकी ५० मिलिसेकंद पळा आणि उरलेले थांबा. पॉड मरत नाही, फक्त रांगतो, आणि मग रेडिनेस प्रोब (पॉड तयार आहे का ही तपासणी) फेल होतो आणि मग लोक म्हणतात क्युबरनेटीस स्लो आहे. मेमरीची गोष्ट उलटी. तिथे लिमिट ओलांडली की रांगणं नाही, सरळ ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून ठार), एक्झिट कोड १३७.

शून्य_बग | मंगळवार, दुपारी १२:५५

सीपीयू लिमिट मुळातच लावू नये असं माझं ठाम मत आहे.

पोस्टमन_काका | मंगळवार, दुपारी १२:५८

यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर संकष्टीपर्यंत संपणार नाही.

खडखडीत_भाकरी | मंगळवार, दुपारी १:२०

मेमरीचं निघालंय म्हणून माझा एक किस्सा. मागच्या एका नोकरीत एकाने सीपीयूला ५००एम लिहिलं आणि त्याच सुरात मेमरीलाही ४००एम लिहून टाकलं, धाकट्या एमने. आता धाकटा एम म्हणजे मिली. सीपीयूत ५००एम म्हणजे अर्धा कोर, बरोबर. पण मेमरीत ४००एम म्हणजे ०.४ बाइट! मेगाबाइटला मोठा एम लागतो, नाहीतर एमआय. रिक्वेस्टमध्येच होतं आणि लिमिट नव्हती, म्हणून कुठे एरर पण आली नाही, पॉड मजेत चालू. मी हेच टूल चालवत होतो तेव्हा मेमरीच्या झाडात त्या पॉडच्या रिक्वेस्टसमोर जवळपास शून्य दिसलं म्हणून पकडलं गेलं. नाहीतर नोडवर मेमरीची ओढाताण झाली असती तेव्हा रिक्वेस्टपेक्षा जास्त वापरणारे म्हणून पहिला बळी त्याचाच होता.

कोरी_पाटी | मंगळवार, दुपारी १:२६

अयाई गं. आमच्या सगळ्या यामल फाइली आत्ता ग्रेप करते.

(दोन सापडल्या. बोलत नाही.)

गावठी_देवऑप्स | मंगळवार, दुपारी २:१०

मी सुद्धा टाकलं, क्रूने, बसलं, पण चालवलं की 'नोड्स इज फॉरबिडन… कॅनॉट लिस्ट रिसोर्स नोड्स… ॲट द क्लस्टर स्कोप'. ऑफिसच्या क्लस्टरवर मला आमच्या टीमच्या नेमस्पेसपुरता व्ह्यू रोल (फक्त बघायची परवानगी) आहे. '-एन' देऊन नेमस्पेस सांगितला तरी तेच.

पोस्टमन_काका | मंगळवार, दुपारी २:३०

इन्स्टॉलेशनचा दोष नाही. अलोकेटेबलचा आकडा नोडच्या ऑब्जेक्टवर असतो, पॉडवर नसतो, त्यामुळे टूलला नोड्सची यादी वाचावीच लागते. आणि क्युबरनेटीससोबत येणाऱ्या व्ह्यू रोलमध्ये नोड्स नाहीतच, कारण नोड कुठल्याच नेमस्पेसचे नसतात. 'क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय लिस्ट नोड्स' मारून बघा, 'नो' येईल. प्लॅटफॉर्मवाल्यांकडे एक छोटा क्लस्टररोल मागा, नोड्स आणि पॉड्सवर गेट आणि लिस्ट, आणि '-यू' हवं असेल तर मेट्रिक्स.के८एस.आयओ गटातल्या पॉड्सवर पण. लिहायचं काही मागू नका, मग ते लवकर देतात.

गावठी_देवऑप्स | मंगळवार, दुपारी २:३३

तिकीट टाकलंय. आमच्याकडे 'लवकर' म्हणजे गणपतीच्या आधी.

सांगलीची_हळद | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

रात्रपाळी, तुम्ही सांगितलं तसं कॉन्फिग कॉपी केलं, सुडो सोडलं, चाललं. '-यू' पण चाललं, मेट्रिक्स-सर्व्हर के३एससोबतच येतो हे माहिती नव्हतं. एक गंमत, भावाच्या लॅपटॉपवर २ कोर देऊन मिनीक्यूब (लॅपटॉपवरचं छोटं क्युबरनेटीस) लावलं तर आमचं एकही ॲप नसताना सीपीयू रिक्वेस्ट ७५० मिली, ३७ टक्के! हे कुठून आलं?

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

उठलो. ते घरच्यांचेच, म्हणजे क्युबरनेटीसच्या स्वतःच्या भागांचे, रुमाल आहेत. एपीआय-सर्व्हर २५०, कंट्रोलर-मॅनेजर २००, शेड्युलर १००, ईटीसीडी १००, कोअर-डीएनएस १००. करा बेरीज. जीकेईसारख्या ठिकाणी पहिले चार तुमच्या नोडवर नसतातच, ते गूगल सांभाळतं, म्हणून तिथे दिसत नाहीत.

बाकी क्रू वापरणाऱ्यांना एक. प्लगिन टाकल्यावर तो जी सूचना छापतो ना, की या प्लगिनांची सुरक्षेची तपासणी क्रूवाल्यांनी केलेली नाही, स्वतःच्या जबाबदारीवर चालवा, ती खरी आहे, नुसती शोभेची नाही. क्रू फक्त उतरलेल्या फाइलचा शा२५६ जुळवून बघतो, म्हणजे वाटेत बदललं नाही एवढीच खात्री. आत काय आहे ते त्याला माहिती नाही. आणि प्लगिन चालतं तुमच्या क्यूबकॉन्फिगवर, म्हणजे तुम्हाला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. प्रॉडक्शनवर असली टूलं चालवायला मी वेगळं, फक्त वाचायची परवानगी असलेलं खातं ठेवतो. गावठी_देवऑप्स यांना काकांनी सांगितलेला रोल आहे तोच.

पोस्टमन_काका | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

म्हणजे कर्ल-पाइप-बॅशला मी नाक मुरडत होतो ते बरोबरच होतं.

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:२२

काका, कार्गो इन्स्टॉलमध्ये तरी तुम्ही प्रत्येक क्रेट वाचलात का?

पोस्टमन_काका | मंगळवार, संध्याकाळी ७:३५

…

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ९:०५

अपडेट देते. रिपोर्टवाल्या सर्व्हिसची रिक्वेस्ट २०० केली, लिमिट तशीच ठेवली. मला भीती होती की बदल करतानाच नवे पॉड बसायला जागा मिळणार नाही, पण डिप्लॉयमेंट आधी एकच जादा पॉड काढतं (४ रेप्लिकांचे २५ टक्के म्हणजे १) आणि तो आता २०० मिलीचाच असल्याने कुठेही बसला, मग एकेक जुना गेला. आता एकूण रिक्वेस्ट ६.६ वर, म्हणजे ५६ टक्के (माझा नवा पॉड न धरता), आणि माझा कालपासून पेंडिंग असलेला पॉड मी काहीही न करता आपोआप रनिंगमध्ये गेला, मी त्या वेळी चहा घेत होते, आले तर हिरवा.

आमच्या मॅनेजरांनी तर चौथा नोड घ्यायची मंजुरी पण मागून ठेवली होती.

चहाबाज | मंगळवार, रात्री ९:०९

पार्टी कधी.

बे_एरियातला_बंड्या | मंगळवार, रात्री ९:३०

झकास. '-ओ सीएसव्ही' देऊन आजचा आउटपुट फाइलमध्ये ठेवून द्या, दर सोमवारी एक. महिन्याभराने दुसरं कोणीतरी १ कोर कॉपी-पेस्ट करतंच, तेव्हा भांडायला कागद असतो.

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी १०:४०

बंड्या, महिना लागलाच नाही. सकाळीच रिपोर्टवाल्यांचा मेसेज, 'आमचे कोर न विचारता कोणी कमी केले?' कालच्या दोन्ही सीएसव्ही पाठवल्यात, आधीची आणि नंतरची. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.